पंचांग तेच, आभाळ निराळे

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



माळव्यातील शेतकऱ्याच्या नांगराला चिकटणारी काळी माती आणि कोकणात जांभ्या दगडाखाली लागणारा काळा कातळ ही दोन्ही एकाच अग्नीची अपत्ये होत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी आजच्या जागी नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत होती. त्या प्रवासात ती पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या एका प्रचंड उष्ण झोतावरून गेली. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यांतून दख्खनचे पठार, सह्याद्रीचे कडे आणि माळव्याचे पठार तयार झाले. भूमी पुढे निघून गेली. झोत मात्र बराचसा जागच्या जागी राहिला. त्याच झोताने पुढे समुद्रतळ फोडून, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, एक बेट पाण्याबाहेर काढले. ते बेट म्हणजे मॉरिशस. त्याच्या नैर्ऋत्येस असलेले रियुनियन हे त्याचे धाकटे भावंड. तेथील ‘पितों द ला फुर्नेझ’ हा ज्वालामुखी आजही जागा आहे. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांना मान्य असलेली ही उपपत्ती आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रत्नागिरी आणि त्याच्या आसपासच्या मुलखातील काही हजार मराठी माणसे जहाजात बसून या बेटावर मजुरीसाठी गेली. आपण आपल्याच कातळाच्या धाकट्या भावंडाकडे चाललो आहोत, याची त्यांना कल्पना असणे शक्यच नव्हते. पायाखालचा दगड त्यांना ओळखीचा वाटला असेल. डोक्यावरचे आभाळ मात्र सर्वस्वी अनोळखी होते. त्या आभाळाशी त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी कसे जमवून घेतले, त्यात काय टिकले आणि काय हरपले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मूळ प्रदेशापासून दूर राहून शंभर वर्षे ग्रंथालय चालविणाऱ्या मराठी समाजाला हा विषय परका वाटू नये.

बेटाचे हवामान पाहुण्याला एक दिसते आणि रहिवाशाला दुसरे. पाहुणा आठ-दहा दिवसांसाठी येतो, किनाऱ्यावर उतरतो. निळे पाणी, पांढरी वाळू आणि नारळीची झाडे पाहून परत जातो. त्याच्या लेखी तेथे एकच ऋतू असतो. आकडेही वरवर त्यालाच दुजोरा देतात. उन्हाळ्याचे सरासरी तपमान २४.७ अंश आणि हिवाळ्याचे २०.४ अंश, म्हणजे दोहोंत जेमतेम चार अंशांचा फरक. ज्याने माळव्यातील मे महिना आणि जानेवारीची पहाट अनुभवली आहे, त्याला हा फरक म्हणजे फरकच वाटणार नाही.

रहिवाशाला मात्र ठाऊक असते की तेथील हवामान महिन्यांपेक्षा मैलांवर अधिक बदलते. हे बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ निम्मे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. एवढ्याशा भूमीवर आग्नेयेकडून व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर वाहतात. समुद्रावरची वाफ घेऊन आलेला वारा पूर्वेकडच्या चढावर थंड होतो आणि मध्यावरच्या पठारावर रिता होतो. त्यामुळे पठारावर काही ठिकाणी वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, आणि डोंगराच्या आडोशाला असलेल्या पश्चिम किनाऱ्याला ८००-९०० मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. सह्याद्रीचा घाटमाथा आणि त्याच्या पलीकडचे पर्जन्यछायेचे प्रदेश यांचे नाते जाणणाऱ्या मराठी माणसास हे गणित समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच की सह्याद्रीवर पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि चार महिन्यांत आपले काम उरकतो. तेथे तो आग्नेयेकडून येतो आणि वर्षभर येतजात राहतो. बेटाच्या सरासरी २,०१० मिलिमीटर पावसापैकी एक तृतीयांश पाऊस ऐन हिवाळ्यात पडतो. पठारावरच्या क्यूरपीप गावचा माणूस सकाळी छत्री घेऊन निघतो आणि तासाभरात राजधानी पोर्ट लुईमध्ये उतरला की रणरणत्या उन्हात ती काखेत धरून हिंडतो.

या चढउताराने माणसांची वस्तीही हलविली आहे. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसे दगावली. ज्यांना शक्य होते त्यांनी पोर्ट लुईची उष्ण, दमट हवा सोडून पठाराची थंड हवा जवळ केली. आगगाडी नुकतीच, १८६४-६५ मध्ये, सुरू झाली होती. त्यामुळे वर राहून खाली कामाला जाणे साधले. क्यूरपीपसारखी गावे अशी वाढली. अर्थात ही सोय ऐपतदारांची होती. मळ्यावरचा मजूर जेथे होता तेथेच राहिला. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे सिद्ध केले आणि तेच रॉस १९०७ साली हिवतापाचा बंदोबस्त सुचविण्यासाठी मॉरिशसला गेले, हाही एक लक्षात ठेवण्याजोगा योग.

पाऊस एवढा पडूनही पाण्याची ददात संपत नाही, ही ज्वालामुखीच्या भूमीची आणखी एक खूण. लाव्हाचा दगड सच्छिद्र असतो. त्यात पोकळ्या आणि भुयारे असतात. पडलेले पाणी वर थांबत नाही, आत मुरते आणि पुष्कळसे समुद्राला मिळते. पठारावर मार ओ व्हाकोआसारखे जलाशय बांधावे लागले ते यासाठीच. १९९९ साली पावसाने ओढ दिली तेव्हा उसाचे पीक करपले आणि नळांना पाणी मोजून सुटू लागले. चहूंकडे पाणी आणि पिण्याची चिंता, हा अनुभव बेटावरच्या रहिवाशाला चुकत नाही.

आता मजुरांकडे वळू. मॉरिशस १८१० साली इंग्रजांच्या ताब्यात आले. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ या जहाजातून कलकत्त्याहून ३६ कराराचे मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बंदरात उतरले. बहुतेक बिहारकडचे, त्याखालोखाल तामिळ आणि तेलुगू मुलखातले, आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठी. १८४९ साली बांधलेल्या ज्या तळावर त्यांची नोंद होई, त्याला पुढे ‘आप्रवासी घाट’ असे नाव मिळाले आणि २००६ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसास्थळाचा मान दिला. करार पाच वर्षांचा, पुरुषाची मजुरी महिना पाच रुपये, आणि एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत.

या माणसांना पहिली झुंज द्यावी लागली ती दगडांशी. लाव्हाच्या भूमीवर माती असते, पण ती दगडगोट्यांच्या मधून शोधून काढावी लागते. शेत करावयाचे म्हणजे आधी दगड वेचावयाचे. मजुरांनी ते हातांनी वेचले, डोक्यावरून वाहिले आणि शेताच्या कडेला किंवा मधोमध रचून ठेवले. मॉरिशसच्या उसाच्या फडांत आजही काळ्या दगडांच्या लांबच लांब ताली आणि मनोऱ्यासारखे ढीग दिसतात. पाहुण्याला ते शोभिवंत वाटतात. त्यांतला एकेक दगड कोणाच्या तरी पाठीवरून गेला आहे, हे रहिवासी विसरू शकत नाही.

या भूमीवर ऊसच का, याचे उत्तरही हवामानातच मिळते. डच आणि फ्रेंच अमदानीत तेथे कापूस, नीळ, कॉफी, मसाल्याची झाडे असे नाना प्रयोग झाले. वादळांपुढे त्यांतले फारसे टिकले नाही. ऊस वादळात लोळतो, त्याची पाने फाटतात, पण त्याची मुळे जमीन सोडत नाहीत आणि काही आठवड्यांत तो पुन्हा मान वर करतो. बेटाचा सारा इतिहास, त्यातली श्रीमंती आणि त्यातली गुलामी, या एका गुणाभोवती फिरला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. रहिवाशाचे वर्षही उसानेच विभागले. जून-जुलैपासून डिसेंबरपर्यंतचा तोडणीचा काळ म्हणजे ‘कूप’ आणि उरलेला ‘आंत्रकूप’. पहिला थंड, कोरडा, कामाचा. दुसरा उष्ण, ओला, आणि वादळाची वाट पाहण्याचा.

नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत बेटावरचा माणूस समुद्राकडे निराळ्या नजरेने पाहतो. हिंदी महासागराच्या या भागात चक्रीवादळे ईशान्येकडून येतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि त्यांच्या मार्गाचा भरवसा नसतो. या वादळांच्या अभ्यासाला मॉरिशसमध्येच एक जुनी परंपरा आहे. चार्ल्स मेल्ड्रम या शिक्षकाच्या पुढाकाराने १८५१ साली तेथे हवामानशास्त्राची संस्था स्थापन झाली. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्यांतून वारा आणि वायुभाराचे आकडे उतरवून घेऊन त्यांनी समुद्रावरच्या वादळांचे नकाशे सिद्ध केले. २९ एप्रिल १८९२ रोजी, वादळांचा हंगाम सरला असे लोक समजत असताना, असे एक वादळ बेटावर आदळले. पोर्ट लुईचा मोठा भाग काही तासांत उद्ध्वस्त झाला आणि सुमारे १,२०० माणसे मेली.

वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा एकाएकी थांबतो. कधी ऊनही पडते. नवखा माणूस समजतो की संकट टळले, आणि दार उघडून बाहेर पडतो. जुना रहिवासी दार उघडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उलट दिशेने येणारा वारा पहिल्यापेक्षा घातक असतो, कारण पहिल्या वाऱ्याने जे खिळखिळे केलेले असते ते तो उचलून नेतो. हे ज्ञान पुस्तकातून येण्याआधी आजीकडून नातवाकडे येते.

१९६० हे वर्ष या बेटाच्या आठवणीत एका रेघेसारखे आहे. जानेवारीत ‘ॲलिक्स’ आले. या महासागराच्या नैर्ऋत्य भागात नाव मिळालेले ते पहिले वादळ. लोक सावरतात न सावरतात तोच २७-२८ फेब्रुवारीला ‘कॅरोल’ आले. वाऱ्याचा वेग ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेला. ४२ माणसे मेली, हजारो बेघर झाली आणि त्या वर्षीचे उसाचे निम्म्याहून अधिक उत्पादन बुडाले. तोपर्यंत मजुरांची घरे म्हणजे उसाच्या पाचटाने शाकारलेल्या किंवा पत्र्याच्या झोपड्या असत. कॅरोलने त्या पुसून टाकल्या. त्यानंतर सरकारने वसाहती उभारल्या, आणि ज्याला जमेल त्याने पै-पै साठवून सिमेंटचे सपाट छत घातले. मॉरिशसच्या खेड्यांतून आज जी चौकोनी, बिनउताराची घरे दिसतात, ती पाहून परक्याला रुक्ष वाटतात. त्या छताखाली ज्यांनी १९७५ सालचे ताशी २८० किलोमीटर वेगाचे ‘जर्व्हेझ’ आणि १९९४ सालचे ‘हॉलंडा’ काढले, त्यांना ती रुक्ष वाटत नाहीत.

इशाऱ्याच्या चार पायऱ्या तेथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत. पहिली पायरी जाहीर झाली की घराभोवतीच्या सैल वस्तू आत येतात. दुसरीला पिंपे पाण्याने भरतात. पाव, मेणबत्त्या आणि डबाबंद मासे यांची खरेदी होते. तिसरीला खिडक्यांच्या झडपांना अडसर लागतात, रस्ते ओस पडतात आणि घरातली माणसे रेडिओभोवती गोळा होतात. कोकणात मृगाआधी आगोटीची बेगमी करणाऱ्या घरांत जी लगबग असते, तिच्याशी या लगबगीचे साम्य आहे. पण एक मोठा भेदही आहे. आगोटीनंतर पाऊस येणार हे निश्चित असते आणि त्याचे स्वागतच असते. येथे ज्याची तयारी करावयाची ते न आले तर बरे, अशी प्रार्थना करीत तयारी करावी लागते.

एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाचे कारण कसा होतो, याचाही धडा बेटाने घेतला आहे. सिमेंटने वाऱ्यापासून वाचविले. पण सिमेंट वाढत गेले तसतशी पाणी मुरावयाची जागा आटत गेली. ३० मार्च २०१३ रोजी डोंगरांच्या कुशीत वसलेल्या पोर्ट लुईवर वादळ नसतानाच ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि ११ माणसे बुडून मेली. १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने त्याच शहरातून मोटारी वाहून नेल्या. शेजारच्या रियुनियनची उंची ३,००० मीटरवर असल्याने तेथे तर पावसाने जगाचे उच्चांक केले आहेत. १९६६ च्या जानेवारीत तेथील फॉक-फॉक येथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता आणि त्याने महानगर ठप्प झाले होते. त्याच्या जवळजवळ दुप्पट, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो.

श्रोतेहो, आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कोकणातून गेलेल्या माणसाने सोबत काय नेले? भांडीकुंडी थोडी, देव एखाद-दुसरा, अभंग आणि ओव्या पाठ, आणि सणांची माळ असलेले पंचांग. हे पंचांग उत्तर गोलार्धातल्या आभाळाखाली रचलेले होते. नव्या आभाळाखाली ते उघडल्यावर एकेक पान विसंगत वाटू लागले असले पाहिजे.

गुढी पाडवा वसंताचा. पण तेथे तो उन्हाळा सरताना येतो आणि पुढे वाट असते ती थंडीची. आंबा पिकतो तो नोव्हेंबरपासून पुढे, म्हणजे दिवाळीनंतर. अक्षय्यतृतीयेला झाडावर नुसती पाने. गुलमोहर फुलतो तो डिसेंबरात. संक्रांतीला थंडी म्हणून तीळ आणि गूळ खावयाचे, तर तेथे घामाच्या धारा लागलेल्या. महाशिवरात्र म्हणजे थंडीचा निरोप. तेथे ती ऐन पावसावादळाच्या दिवसांत येते. पठारावर एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले सरोवर आहे, ग्राँ बासँ. हिंदूंनी त्याला गंगातलाव मानले आणि १९७२ साली त्यात गंगेचे पाणी मिसळले. शिवरात्रीला लाखो भाविक कावडी घेऊन धो-धो पावसात पायी तेथे जातात. अग्नीने केलेल्या खळग्यात पावसाने भरलेले पाणी, आणि त्याच्या काठी शिवाचे नाव. काही जागा देवाला जणू आपण होऊन बोलावितात.

गणेशोत्सवाचे तर विशेषच. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. १८९६ सालापासून तो उत्सव सार्वजनिक रीतीने होत असल्याचे तेथे सांगितले जाते. म्हणजे लोकमान्यांनी पुण्यात त्यास सार्वजनिक रूप दिल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. कोकणात गणपती येतो तो भाताच्या हिरव्या शेतांतून, पावसाच्या उघडिपीत. तेथे तो येतो हिवाळ्याच्या अखेरीस, कोरड्या दिवसांत, उसाची तोडणी चालू असताना. नदीला पाणी कमी आणि समुद्र शांत. कोकणातला जाखडीचा नाच तेथे ‘झाकरी’ म्हणून टिकला आहे. ताल तोच, पायांखाली चिखल तेवढा नाही.

सूर्यही तेथे दुसऱ्या बाजूला असतो. वर्षाचे सुमारे दहा महिने माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कलतो आणि सावली दक्षिणेला पडते. रात्रीचे आभाळ याहून परके. विवाहविधीत सप्तपदीनंतर वधूवरांना ध्रुव दाखवावयाचा असतो, कारण तो अढळ. विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर ध्रुव क्षितिजाच्या वर येतच नाही. सप्तर्षी काही महिने उत्तर क्षितिजालगत उलटे दिसतात आणि त्यांत वसिष्ठाशेजारची अरुंधती कष्टाने सापडते. ध्रुव मात्र मंत्रातच राहिला. न दिसणाऱ्या ताऱ्याकडे बोट करून दिलेली स्थैर्याची शपथही संसार सांभाळू शकते, हे दीडशेहून अधिक वर्षांच्या अनुभवाने सिद्ध केले आहे.

तेव्हा पंचांग टिकले. पंचांगाचा आधार ऋतू नसून तिथी असते आणि चंद्र दोन्ही गोलार्धांत एकाच दिवशी पूर्ण होतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की सणाला गाव लागते, आणि गाव त्यांनी तेथे उभे केले.

भाषेचे तसे झाले नाही. मराठी माणसे संख्येने थोडी. आज तेथील लोकसंख्येत ती सुमारे दोन टक्के आहेत. मळ्यावर आजूबाजूला भोजपुरी, आणि सर्वांची मिळून क्रिओल. प्राथमिक शाळेत मराठी ऐच्छिक भाषा म्हणून शिकविली जाते. १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण होते. मंडळे आहेत, नाटके होतात, भजने होतात. या साऱ्याबद्दल त्या समाजाचे करावे तेवढे कौतुक थोडेच. तरीही घरातली, स्वयंपाकघरातली रोजची बोली आता बहुतेक ठिकाणी क्रिओल झाली आहे. पावसाला तेथे ‘लापली’ म्हणतात, वाऱ्याला ‘दिवां’, वादळाला ‘सिक्लोन’.

येथे हवामानाचा आणि भाषेचा संबंध ध्यानात येतो. ‘मृग’, ‘आगोट’, ‘वळीव’, ‘मळभ’, ‘पागोळ्या’, ‘इरले’ हे शब्द कोकणी माणसाच्या तोंडी दिवसातून दहादा यावयाचे. पण ज्या गोष्टींची ती नावे, त्यांतल्या पुष्कळशा त्या बेटावर नव्हत्याच. वळवाचा पाऊस नाही, मृगाची वाट पाहणे नाही, पाचटाच्या छपरावरून गळणाऱ्या पागोळ्या सिमेंटच्या छताबरोबर संपल्या. उलट जे रोज समोर होते, म्हणजे कूप आणि आंत्रकूप, वादळाचा डोळा, इशाऱ्याच्या पायऱ्या, त्यांना मराठीत नावे नव्हती, आणि ती कोणी घडविली नाहीत. मळ्यावर दिवसभर राबणाऱ्याला ती घडविण्याची फुरसतही नव्हती. जी भाषा आजच्या आभाळाबद्दल बोलू शकत नाही, ती देवघरात पूज्य होऊन राहते आणि अंगणातून नाहीशी होते. भाषा टिकण्या-न टिकण्याची कारणे अनेक. संख्याबळ, पोटापाण्याची सोय आणि सरकारी मान्यता ही त्यांत मोठी. परंतु हेही एक कारण आहे, आणि ते सहज नजरेआड होते.

नवे आभाळ वाचावयाचे तर हाताशी असेल ते साधन वापरावे लागते, हे मात्र त्या बेटावरच्या सर्व समाजांनी मिळून दाखविले आहे. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ नावाचे जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळाच्या कड्यावर चढले आणि पुढे त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा किनाऱ्यावरच्या हजारो लोकांनी कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरले, त्यांच्या लांबच लांब माळा शिवल्या आणि तेल अडविण्यासाठी पाण्यावर तरंगत सोडल्या. ज्या उसासाठी त्यांच्या पूर्वजांनी दगड वाहिले, त्याच उसाचे पाचट समुद्र वाचविण्याच्या कामी आले.

या साऱ्याचा येथील मराठी समाजाशी संबंध काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. माळव्यात आलेल्या मराठी कुटुंबांना समुद्र ओलांडावा लागला नाही. ध्रुवही डोक्यावरच राहिला. पण त्यांनाही येथली हवा शिकावी लागली. उन्हाळ्यातल्या पोळणाऱ्या वाऱ्याला त्यांनी ‘लू’ म्हटले. पौष-माघात अवचित पडणाऱ्या पावसाला शेजाऱ्यांकडून ‘मावठा’ हा शब्द घेतला आणि तो मराठी विभक्ती लावून वापरला. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांनी त्या मराठीला क्वचित हसूनही घेतले असेल. वास्तविक ती हसण्याची गोष्ट नव्हे. आपल्या पायाखालच्या जमिनीला आणि डोक्यावरच्या आभाळाला आपल्या भाषेत सामावून घेण्याचे ते लक्षण आहे, आणि मॉरिशसच्या मराठीला जे जमण्याइतकी उसंत मिळाली नाही ते येथे काही प्रमाणात जमले आहे.

ग्रंथालयाने शंभर वर्षे पुस्तके जपली. ती पुस्तके बहुतांशी अन्यत्र लिहिलेली, अन्य हवेतली. त्यांचे मोल मोठेच आहे. पंचांगाचे असते तसे. पण येथल्या घरांतून बोलली जाणारी, येथल्या उन्हापावसाचे, पिकांचे, स्वयंपाकाचे आणि आजारांचे शब्द असलेली मराठी या कपाटांत कितीशी आहे, याचा विचार शताब्दीच्या निमित्ताने व्हावयास हवा. त्यासाठी मोठ्या निधीची वा समितीची गरज नाही. वाचनकक्षात एक जाड बांधणीची वही ठेवावी. सत्तरी ओलांडलेल्या सभासदांनी आपापल्या घरातले असे शब्द, त्यांचे अर्थ आणि ते कोणत्या प्रसंगी वापरले जात हे तीत आपल्या हाताने लिहावे. ज्यांना लिहिणे होत नसेल त्यांचे शब्द नातवंडांनी उतरवून घ्यावेत. वर्षाअखेरीस ती वही भरली, तर तिला दाखलक्रमांक देऊन कपाटात ठेवावी आणि दुसरी वही उघडावी.